दोन वर्षांची वेस

शिकागोच्या नैर्ऋत्येला साठेक किलोमीटरवर जोलिएट हे शहर आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये १९०१ साली सहा विद्यार्थ्यांना कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवायला सुरुवात झाली, आणि अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून आज याच जोलिएट ज्युनिअर कॉलेजचे नाव घेतले जाते. (आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांपुढे येते, इथे तेरावी-चौदावी समजायची.) कल्पना शाळांचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची. हार्पर यांनी आपल्या विद्यापीठात पदवीची चार वर्षे आधीच मधोमध विभागून त्यांना ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज अशी नावे दिली होती, आणि १९०० च्या सुमारास पहिला टप्पा पुरा करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही छोटी पदवीही द्यायला लागले होते. ज्यांना पुढचे झेपणार नाही किंवा परवडणार नाही त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मानाने बाहेर पडावे आणि विद्यापीठाने खऱ्या अभ्यासूंकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा हिशेब होता. दोन वर्षांच्या कॉलेजला अशी जन्मतःच एक वेस मिळाली. ती ओलांडायला बंदी नव्हती, पण बहुतेकांनी तिच्या अलीकडेच वस्ती करावी, अशी ती बांधणाऱ्यांची अपेक्षा होती. या कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा इतिहास या वेशीभोवती घडला आहे. तो अभ्यासक्रम आज ज्या रूपात दिसतो ते रूप त्याला देण्यात शिक्षणाचे आराखडे आखणाऱ्यांपेक्षा ते आराखडे न जुमानणाऱ्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे पटायला त्याआधीचे चित्र पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत धंद्याचे शिक्षण द्यायची मक्तेदारी खासगी ‘कमर्शियल कॉलेजां’कडे होती. ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांनी १८५० च्या दशकात अशा शाळांची साखळीच उभी केली. तिथे सुवाच्य अक्षर, व्यापारी अंकगणित, द्विनोंदी जमाखर्च आणि पत्रव्यवहार शिकवत, आणि तेही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. जॉन डी. रॉकफेलर १८५५ साली क्लीव्हलँडच्या फॉल्समच्या कमर्शियल कॉलेजात असाच एक छोटा अभ्यासक्रम शिकले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस एका अडत पेढीवर हिशेबनीसाचे मदतनीस म्हणून रुजू झाले. पुढे टाइपरायटर आला, लघुलेखन आले, आणि कारकुनीच्या खोलीत बायका आल्या. १९३० पर्यंत अमेरिकेतल्या कारकुनी नोकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या हाती होत्या. दुसऱ्या टोकाला विद्यापीठे होती. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल १८८१ मध्ये निघाले, हार्वर्डचे बिझनेस स्कूल १९०८ मध्ये. हे धंदे-शिक्षण विद्यापीठात मुळात शोभतेच कसे, असा खोचक सवाल अर्थशास्त्रज्ञ थोर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९१८ च्या आपल्या पुस्तकात केला, पण त्याने कोणी थांबले नाही. थोडक्यात, वरच्या मजल्यावर मॅनेजर घडत होते आणि तळमजल्यावर कारकून. या दोहोंच्या मधे दोन वर्षांच्या कॉलेजने नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न पहिल्यापासूनच अवघड होता, कारण मधला मजला बाजारात अजून बांधलाच गेला नव्हता.

आराखडे आखणाऱ्यांनी मात्र तो कागदावर बांधला. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना पदवीपूर्व दोन वर्षे शिकवायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे पहिले कॉलेज निघाले. बर्कलेचे अलेक्सिस लँग या चळवळीचे पुढारी. विद्यापीठात न जाणाऱ्या मोठ्या संख्येसाठी ही कॉलेजे आहेत आणि त्यांनी त्या मुलांना कामाधंद्याला लावावे, असे ते सांगत राहिले. पुढे लिओनार्ड कूस यांनी ‘अर्धव्यवसाय’ अशी एक श्रेणी कल्पिली: इंजिनिअरच्या खालचा तंत्रज्ञ, तसा व्यवस्थापकाच्या खालचा प्रशिक्षित सहायक. वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांनी १९३० च्या दशकात आणि १९४० च्या आसपास ‘टर्मिनल’, म्हणजे जिथून पुढे गाडी जात नाही अशा शिक्षणाचा हिरिरीने प्रचार केला. त्यांच्या तर्कात खोट काढणे सोपे नाही. प्रवेश घेणाऱ्यांपैकी बरेच जण चार वर्षांची पदवी कधीच पुरी करत नसत. मग त्यांना अर्धवट इतिहास आणि अर्धवट फ्रेंच शिकवून सोडण्यापेक्षा हातात काही कसब देणे बरे, हे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण विद्यार्थी ऐकेनात. वीसच्या आणि तीसच्या दशकांत, अगदी महामंदीतसुद्धा, या कॉलेजांतल्या बहुसंख्य मुलांनी नाव घातले ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांत. टर्मिनल वर्ग जाहिरातीत भरगच्च आणि प्रत्यक्षात विरळ राहिले.

या हट्टाला तेव्हाच्या शिक्षणतज्ज्ञांनी भाबडी महत्त्वाकांक्षा ठरवले. मला तो बाजाराचा अचूक अंदाज वाटतो. कारकुनी काम हायस्कूलच्या कॉमर्स शाखेतूनही मिळत होते, आणि खासगी कमर्शियल कॉलेज तेच सहा-आठ महिन्यांत शिकवत होते. त्या कामासाठी दोन वर्षे घालवणाऱ्याला मालक जास्त पगार का देईल? उलट व्यवस्थापनाच्या जागा भरताना मोठ्या कंपन्या चार वर्षांच्या पदवीकडे अधिकाधिक बघू लागल्या होत्या. म्हणजे दोन वर्षांच्या टर्मिनल बिझनेस कोर्सचा खर्च वरच्या मजल्याचा होता आणि मिळकत तळमजल्याची. सरकारनेही त्याला उचलून धरले नव्हते. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला तो शेती, कारखान्यांतले कसब आणि गृहविज्ञान यांना, शिवाय कॉलेजच्या खालच्या पातळीसाठी. ऑफिसच्या कामाचे शिक्षण त्या मदतीच्या कक्षेत स्पष्टपणे आले ते थेट १९६३ च्या कायद्याने. आणखी एक गोष्ट प्रस्तावनांत क्वचितच लिहिली जाई, पण प्रवेशयाद्यांत दिसे: मुली सेक्रेटेरियल सायन्सला, मुलगे बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला. टर्मिनल शिक्षण जिथे खरोखर चालले तिथे ते बहुतांशी मुलींच्या जिवावर चालले, कारण त्यांच्यासाठी वरच्या मजल्याचा जिनाच काढलेला नव्हता. वेस सगळ्यांसाठी एकच होती असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पट मांडला गेला तो फार मोठा. १९४४ च्या जी. आय. बिलानुसार परतलेल्या सैनिकांची फी सरकारने उचलली, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने डिसेंबर १९४७ च्या अहवालात असे मांडले की लोकसंख्येपैकी किमान ४९ टक्के लोकांची बौद्धिक कुवत चौदा वर्षांचे शिक्षण पुरे करण्याइतकी आहे. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव याच अहवालामुळे रूढ झाले. एकट्या साठच्या दशकात साडेचारशेहून अधिक नवी कॉलेजे उघडली. दारे खरोखर उघडी होती. कॅलिफोर्नियात तर १९८४ पर्यंत राज्यातल्या विद्यार्थ्याला शिकवणीची फीच नव्हती. मात्र दार उघडे ठेवून आत आलेल्यांना कुठे बसवायचे, हे ठरवण्याची एक मुरलेली पद्धतही तयार झाली होती. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० साली ती उलगडून दाखवली. आधी चाचणी परीक्षा, मग समुपदेशकाशी भेट, मग ‘स्वतःला ओळखा’ थाटाचा एक सक्तीचा वर्ग, मग गुण घसरल्याच्या लेखी सूचना. यातून मुलाला कोणी नकार देत नसे, तो स्वतःच हळूहळू खालच्या पायरीवर उतरत असे. गोड बोलून वाटेला लावणे म्हणतात ते हेच. क्लार्क यांच्या हिशेबानुसार विद्यापीठात जायचे म्हणून दोन-तृतीयांश मुले येत आणि एक-तृतीयांश जात. इंजिनिअरिंगचे स्वप्न घेऊन आलेल्याला तंत्रज्ञाच्या कोर्सकडे वळवत, त्याच रीतीने व्यवस्थापक व्हायला निघालेल्याला ऑफिस किंवा विक्रीच्या कोर्सकडे वळवता येई.

याच सुमारास वरच्या मजल्यावर एक घडामोड झाली. तिचा कम्युनिटी कॉलेजांशी संबंध सहसा कोणी जोडत नाही, पण माझ्या मते सगळ्यात निर्णायक तीच. १९५९ मध्ये दोन अहवाल निघाले: फोर्ड फाउंडेशनसाठी रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल यांचा, आणि कार्नेगीच्या पैशावर फ्रँक पिअर्सन यांचा. दोघांनीही बिझनेस स्कुलांना झोडपून काढले. अभ्यास उथळ, विषय भाराभर, सगळे लक्ष एखाद्या नोकरीच्या किरकोळ कौशल्यावर. उपाय असा की आधी गणित, अर्थशास्त्र, भाषा आणि समाजशास्त्रे पक्की करा, आणि खास धंद्याचे विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षाला ठेवा. विद्यापीठांनी हे बऱ्यापैकी मनावर घेतले. त्याचा परिणाम अहवाल लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल. बिझनेसच्या पदवीची पहिली दोन वर्षे आता हिशेबाची मूलतत्त्वे, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, थोडे कॅल्क्युलस आणि इंग्रजी लेखन एवढ्यावर आली, आणि हे सगळे कुठलेही बरे कम्युनिटी कॉलेज शिकवू शकत होते. गुणवत्तेच्या नावाने घातलेल्या शिस्तीने खालच्यांसाठी जिना तयार केला. पण त्याच शिस्तीने एक दार बंदही केले. कम्युनिटी कॉलेजात शिकलेले ‘व्यवस्थापनाची तत्त्वे’ किंवा ‘मार्केटिंग’ हे विषय विद्यापीठात खालच्या वर्षांचे म्हणून बाजूला पडू लागले. म्हणून आजही कितीतरी कॉलेजांत दोन शेजारी पदव्या दिसतात: ‘बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही पुढे जाणाऱ्यांसाठी, तिच्यात व्यवस्थापन जवळजवळ नाही, आणि ‘बिझनेस मॅनेजमेंट’ ही अप्लाइड सायन्सची, तिच्यात व्यवस्थापनच व्यवस्थापन, पण विद्यापीठाच्या दारात तिची बरीचशी क्रेडिट्स वाया. नवख्या विद्यार्थ्याला ही दोन नावे सारखीच वाटतात, आणि त्यातले एक चुकून निवडण्याची किंमत दोन वर्षे असते.

इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. विद्यार्थी जर एवढे हट्टी होते तर १९७० नंतर ते लोंढ्याने टर्मिनल अभ्यासक्रमांकडे का वळले? स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी ‘द डायव्हर्टेड ड्रीम’ या १९८९ च्या ग्रंथात हा पालट तपशिलाने मांडला आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी व्यावसायिक अभ्यासक्रमांत अल्पसंख्य असलेले विद्यार्थी दशकाअखेर बहुसंख्य झाले होते. कॉलेजांचे प्रमुख पन्नास वर्षे जे साधू पाहत होते ते दहा वर्षांत साधले. ब्रिंट आणि कॅराबेल याचे श्रेय, किंवा दोष, मुख्यतः संस्थांच्या स्वार्थाला देतात: विद्यापीठांशी बरोबरी करता येत नाही म्हटल्यावर या कॉलेजांनी मधल्या नोकऱ्यांची बाजारपेठ आपली म्हणून धरली. हे खरेच आहे. पण याच काळात पदवीधरांचा भाव कोसळला होता, हेही तेच नोंदवतात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांचे ‘द ओव्हरएज्युकेटेड अमेरिकन’ १९७६ सालचे आहे, नावावरून काळ कळावा. पदवीचा फायदा घटला तेव्हा विद्यार्थी तिच्यामागे धावायचे थांबले, आणि पुढे तो पुन्हा वाढला तेव्हा पुन्हा वेशीकडे निघाले. तीसच्या दशकात टर्मिनल कोर्स नाकारणारी आणि सत्तरच्या दशकात तो घेणारी माणसे एकाच हिशेबाने चालली होती. बदलला तो बाजार. समुपदेशकांची शिकवण पन्नास वर्षांत फारशी बदलली नव्हती आणि तिचा प्रभावही बेताचाच होता. दशकभराच्या वळणावरून विद्यार्थी अखेर समजावणीला बधले असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. इच्छा काहीही असो, पोचतात किती? कम्युनिटी कॉलेजात नव्याने येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण कधीतरी बॅचलर पदवी घ्यायचे म्हणतात, प्रत्यक्ष विद्यापीठात जातात सुमारे एक-तृतीयांश, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते ती त्यांतल्याही निम्म्यांच्या आसपास लोकांना. क्लार्क यांच्या आकड्यांपासून साठ वर्षांत फार फरक पडलेला नाही. मग हार्पर आणि ईल्स यांचेच बरोबर होते असे का म्हणू नये? याचे उत्तर गळती कुठे होते हे पाहिल्यावर मिळते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला की संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. (हा आकडा सर्व प्रकारच्या बदल्यांचा आहे, सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान पुष्कळ कमी असते, पण असते.) नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला येणारा, निम्म्या वेळाचा विद्यार्थी एकेक क्रेडिट कमावतो आणि पलीकडे गेल्यावर त्यातली काही खोटी ठरतात. अशी माणसे थकून थांबली तर तो त्यांच्या कुवतीचा पुरावा होत नाही. वेस आधी उभारायची आणि मग ती ओलांडणारे थोडे म्हणून ती योग्यच होती असे म्हणायचे, यात तर्क गोल फिरतो.

टर्मिनल शिक्षणाची खरी परीक्षा तर नोकरीच्या बाजूने घ्यायला हवी, कारण त्याचे वचनच नोकरीचे होते. साठच्या दशकातल्या एखाद्या कॉलेजच्या माहितीपत्रकात लघुलेखन, टंकलेखन, फायलिंग, कॅल्क्युलेटिंग मशीन चालवणे हे विषय मानाने झळकत. त्या यंत्रांबरोबर ते सगळे एका पिढीत इतिहासजमा झाले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे जे झाले तेच तिकडे झाले, फक्त तिथे त्यावर दोन वर्षे आणि एक पदवी खर्ची पडली होती. सेक्रेटेरियल सायन्सचे नाव बदलून ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झाले, मग त्यातही संगणक शिरला. याउलट ‘अव्यवहारी’ म्हणून हिणवलेल्या दोन वर्षांतले अकाउंटिंग, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र आजही त्याच नावाने शिकवले जाते. सगळ्या टर्मिनल कोर्सना हे लागू नाही. नर्सिंगसारख्या क्षेत्रात, जिथे परवाना लागतो आणि मालकाला त्याची कदर करावीच लागते, तिथे दोन वर्षांची पदवी भरघोस फळते. धंद्याच्या क्षेत्रात मॅनेजर व्हायला परवाना लागत नाही, म्हणून तिथे मोल ठरते ते पुढच्या पदवीवरून. आराखडे आखणाऱ्यांनी सगळी क्षेत्रे एकाच मापाने मोजली, ही त्यांची चूक मला उद्देशातल्या कुठल्याही खोटीपेक्षा मोठी वाटते.

भारतातही हा प्रश्न आता दारात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, २०१४ मध्ये बी.व्होक. पदवी, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय केली. महाराष्ट्रातल्या कॉमर्स आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांतही हे बहुपर्यायी निर्गमन लागू होत आहे. परत यायची मुभा त्यात आहे, क्रेडिट साठवायची बँकही आहे. पण बाहेर पडणारे कोण असतील आणि परत येताना त्यांची क्रेडिट्स कोण मान्य करील, हे नियमात लिहून ठरत नाही. हार्पर यांच्या आराखड्यातही पुढे जायची मुभा होतीच.

अमेरिकेत मात्र गेल्या पंचवीस वर्षांत वेशीची जागा सरकू लागली आहे. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांत बदलीसाठीची असोसिएट पदवी सुरू केली. ती घेणाऱ्याला राज्याच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या विद्यापीठसमूहात हमखास प्रवेश मिळतो आणि पदवी पुरी करायला साठाहून जास्त युनिट्स मागता येत नाहीत. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा तिच्या सर्वाधिक मागणीच्या विषयांपैकी एक आहे. फ्लोरिडाने दुसरी वाट धरली. तिथे २००१ च्या कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजांनी स्वतःच बॅचलर पदव्या द्यायला सुरुवात केली, सेंट पीटर्सबर्ग ज्युनिअर कॉलेजने त्याच वर्षी नावातले ‘ज्युनिअर’ गाळले, आणि मायामी-डेडने २००३ मध्ये ‘कम्युनिटी’. या कॉलेजांतली एक पदवी ‘सुपरव्हिजन अँड मॅनेजमेंट’ या नावाची आहे. ती मुख्यतः अप्लाइड सायन्सची असोसिएट पदवी हाती असलेल्यांसाठी आखलेली आहे, म्हणजे ज्यांची व्यवस्थापनाची क्रेडिट्स विद्यापीठे घेत नव्हती त्यांच्यासाठी. दिवसा एखाद्या दुकानाच्या किंवा गोदामाच्या पाळीवर देखरेख करणारी आणि रात्री वर्गात बसणारी माणसे आता ती क्रेडिट्स घेऊन त्याच इमारतीत तिसऱ्या वर्षाला बसतात.